बोहो कपड्यांत व्यायाम: घाम आला की सगळं अंगाला का चिकटतं?

तक्रार नेहमी एकाच चालीची असते. बोहो, म्हणजे सैल, वाहत्या, नक्षीदार ढंगाची मोठ्या घेराची छापील पँट, वर झुळझुळीत बिनबाह्यांचा टॉप. आरशासमोर फिरून पाहिलं, हात वर केले, झक्कास. योगासनांना किंवा नाचायला सुरुवात केली तेव्हाही मोकळं वाटलं. मग घाम आला. पँट मांड्यांना चिकटली, गुडघा वाकवताना ओढ बसायला लागली, नेफा कमरेवरून उतरू लागला आणि एक हात सतत पँट वर ओढण्यात अडकला. पुढच्या वेळी दुसरा ब्रँड, दुसरी नक्षी, आणि तोच अनुभव. शेवटी "बोहो कपडे फोटोपुरते, व्यायामाला लेगिंग्जच बऱ्या" असं म्हणून विषय मिटवला जातो.

इतक्यात मिटवू नका. उकाड्यात सैल कपड्यांत उत्तम हालचाल होऊ शकते. पण हे कपडे आपण निवडतो कोरडे असताना, उभं राहून, आणि वापरतो ओले झालेले, वाकून. बहुतेक तक्रारींचं मूळ तिथे आहे.

म्हणून आधी एवढंच आठवून पाहा: त्रास नेमका केव्हा सुरू होतो? अंग कोरडं असतानाच ओढ बसत असेल तर कपडा बेतण्यात दोष आहे. घाम आल्यावरच बसत असेल तर कापडात. सुरुवातीला सगळं ठीक होतं आणि काही धुण्यांनंतर बिघडलं असेल तर धुण्यात किंवा छपाईत. हे न तपासता बहुतेक जण एक साइज मोठी घेतात. चिकटण्यावरचा हा सर्वांत निरुपयोगी उपाय. कापड वाढलं की पाणी धरून ठेवणारी जागाही वाढते.

घाम आल्यावरच चिकटते

आतल्या शिवणीवरचं लेबल वाचा. बाजारातल्या झुळझुळीत बोहो पँट आणि टॉप फार मोठ्या प्रमाणात रेयॉनचे, म्हणजेच व्हिस्कोसचे (लाकडाच्या लगद्यापासून काढलेल्या धाग्याचे) असतात. "बांबू" असं लिहिलेलं मऊ कापडही बहुतेक वेळा व्हिस्कोसच असतं, फक्त लगदा बांबूचा. कोरडं असताना याच्यासारखं सुख नाही: थंड स्पर्श, सुंदर झोळ, रंग खुलून दिसतात. पण ते पाण्याचं भुकेलं आहे. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत नुसतं टांगून ठेवलं तरी व्हिस्कोस स्वतःच्या वजनाच्या ११ ते १३ टक्के ओलावा धरतं. सुती कापड धरतं साधारण ८ टक्के, आणि पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. घामाने भिजल्यावर व्हिस्कोस जड होतं, लोंबतं आणि त्वचेवर सपाट बसतं. शिवाय ओलं असताना त्याची ताकद जवळपास निम्मी होते. खोल बैठक मारताना आसनाची (पँटच्या दोन पायांमधल्या जोडाची) शिवण उसवते ती नेमकी घामाघूम झाल्यावर, वर्गाच्या सुरुवातीला नाही. याचं कारण हेच.

मग सुती घ्यावं? घ्यावं, पण "१०० टक्के कॉटन" ही अर्धीच माहिती झाली. सुताचा धागा ओला झाल्यावर कमजोर होत नाही, उलट थोडा मजबूतच होतो, हा मोठा फायदा. पण जाड होजिअरीची सुती पँट आणि मलमलीसारखं विरळ विणीचं सुती कापड यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जाड कापड घाम पितं आणि तासभर धरून बसतं. विरळ कापड तेवढ्याच वेळात भिजून वाळलेलंही असतं.

याहून महत्त्वाचा, आणि लेबलवर कधीच न लिहिलेला मुद्दा म्हणजे कापडाचा पृष्ठभाग. गुळगुळीत कापड ओलं झालं की त्याचा सगळा पसारा त्वचेला टेकतो. चुण्या पडलेलं, सुरकुतलेलं किंवा उठावदार विणीचं कापड फक्त उंचवट्यांवर टेकतं आणि मधल्या पोकळ्यांतून हवा खेळते. म्हणून क्रिंकल कॉटन, क्रेप विणीचं सुती आणि सीअरसकर (पट्ट्यापट्ट्यांनी चुणलेलं सुती) हे उकाड्यातल्या व्यायामासाठी माझे पहिले तीन पर्याय. बोहो दिसायलाही क्रिंकल कॉटनला तोड नाही, आणि इस्त्रीची कटकट नाही. त्या चुण्या मात्र जपाव्या लागतात. ताणून वाळत घातलं तर निम्मा गुण गेला. कापड पिळून, तसंच पिळवटलेलं वाळू द्या.

लिनन छान, पण ते ताण घेत नाही आणि घड्यांच्या जागी त्याचे धागे कालांतराने तुटतात. सावकाश ताणासनं, चालणं यांना ठीक, उड्यांना नाही. लायोसेल हे व्हिस्कोसचंच भावंड, पण ओलं असताना बरंच टिकाऊ. झोळ हवाच असेल तर रेयॉनऐवजी ते शोधा.

पॉलिस्टरचं थोडं गुंतागुंतीचं आहे. जॉर्जेट, शिफॉन यांसारखं मागावरचं गुळगुळीत पॉलिस्टर घाम शोषत नाही, पसरवतही नाही. घाम त्वचेवरच ओघळतो आणि कापड वरून चिकटतं. खेळाच्या टीशर्टमधलं पॉलिस्टर मात्र वेगळ्या विणीचं असतं. त्याच्या धाग्यांमधल्या बारीक फटी घाम ओढून बाहेरच्या बाजूला पसरवतात. दोन्ही लेबलांवर "पॉलिस्टर" एवढंच लिहिलेलं असतं, म्हणून नावावर जाऊ नका, चाचणी करा.

चाचणी सोपी आहे. ओल्या बोटाने कापडाच्या आतल्या बाजूला पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब तसाच मोत्यासारखा बसून राहिला तर कापड घाम घेणार नाही. लगेच झपकन मोठा, फिकट डाग पसरला तर उत्तम, पाणी पसरतंय म्हणजे लवकर उडेलही. छोटा, गडद डाग पडून तिथेच राहिला तर कापड पाणी धरून ठेवणारं आहे. घरी आणल्यावर, किमतीची चिठ्ठी तोडण्याआधी, दुसरी पायरी: पायाच्या टोकाचा वीतभर भाग ओला करून पिळा, कोपराच्या आतल्या बाजूला ठेवा आणि हात दोनचार वेळा वाकवा. कापड त्वचेवर सरकलं तर ठेवा. त्वचेला धरून ओढलं गेलं तर वाळवून परत करा.

कापड चांगलं आहे, तरी जीव घाबरा होतो

आता हवामानाकडे बघा. घामाचा थेंब अंगावरून उडून गेला तरच गारवा देतो. एक ग्रॅम घाम उडताना शरीरातली सुमारे ०.५८ किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. टपकून जमिनीवर पडलेला थेंब काहीच नेत नाही. कोरड्या उष्ण हवेत घाम भराभर उडतो, तिथे सैल आणि अंगभर कपडा तुमच्या बाजूने असतो. याचा एक गमतीदार पुरावा १९८० साली 'नेचर' या नियतकालिकात आला होता. वाळवंटात राहणारे बेदुइन लोक काळे झगे का घालतात, हे संशोधकांनी मोजून पाहिलं. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त ऊन शोषतो हे खरं, पण ती जादा उष्णता त्वचेपर्यंत पोचण्याआधीच झग्याखालून वाहणारी हवा ती घेऊन जाते. अंगापर्यंत पोचलेली उष्णता दोन्ही रंगांत सारखीच भरली. उकाड्यात फिकट रंगच हवेत हा आग्रह सैल कपड्यांपुरता सोडून द्यायला हरकत नाही. अंगासरशी बसणाऱ्या कपड्याला हे लागू नाही.

दमट हवेत गणित उलटतं. हवा आधीच बाष्पाने भरलेली, घाम उडणार कुठे? तिथे कितीही चांगलं कापड ओलंच राहतं, म्हणून मुळात कापड कमी हवं: एक पदर, आखूड लांबी, उघडे खांदे. थरांवर थर चढवण्याची बोहो पद्धत दमट जागी सोडा. वर अंगरखा हवाच असेल तर तो व्यायामाला येताना-जाताना.

एका गोष्टीकडे जवळजवळ कुणाचंच लक्ष जात नाही. ती म्हणजे अस्तर. क्रोशेचा जाळीदार टॉप, विरळ सुती पँट, लेस लावलेली शॉर्ट्स; हे सगळं पारदर्शक असतं म्हणून आतून अस्तर लावतात, आणि ते बहुतेकदा स्वस्त पॉलिस्टर टाफेटाचं (गुळगुळीत, सळसळणाऱ्या कापडाचं) असतं. म्हणजे त्वचेला लागून असलेलं कापड भलतंच. लेबलवर अस्तराची नोंद वेगळी, खालच्या ओळीत असते. ती ओळ आधी वाचा, वरची नंतर.

अंग कोरडं असतानाच अडकतं, ओढतं, वर सरकतं

सैल म्हणजे हालचालीला मोकळं, हा समज इथे खोटा ठरतो. मागावर विणलेलं कापड ताणलं जात नाही, उरेब (तिरकं) कापलेलं असेल तरच थोडं. त्यामुळे ते कुठून कसं बेतलंय यावर सगळं अवलंबून.

बगलेपासून सुरुवात करू. फुलपाखरी किंवा वटवाघळी बाही मोठी दिसते, पण तिचा मुंढा (बाही जिथे अंगाला जोडतात ती गोलाई) खाली, जवळपास कमरेपर्यंत उतरलेला असतो. हात वर केला की बाही एकटी वर जात नाही, अख्खा टॉप सोबत नेते आणि पोट उघडं पडतं. मुंढा बगलेच्या जितका जवळ, तितका हात मोकळा. ऐकायला उलटं वाटतं, म्हणून करून पाहा: दोन्ही हात कानांना टेकवा आणि टॉपची खालची कड किती वर आली ते बघा. चार बोटांपेक्षा जास्त वर आली तर तो टॉप हातांच्या व्यायामाचा नाही. बगलेत चौकोनी जोडतुकडा घातलेला असेल तर कमी घेरातही हात पूर्ण वर जातो.

हारेम पँटचंही तेच. आसन जितकं खाली, तितके दोन्ही पाय एकमेकांना बांधलेले. घेर भरपूर असेल तर खाली उतरलेलं आसन चालून जातं. पण वरून हारेम आणि पोटऱ्यांपाशी चिंचोळी अशी जी पँट मिळते, तिच्यात लांब पाऊल टाकून बघा, शिवण गुडघ्याला धरेल. आसनात पतंगाच्या आकाराचा जोड असलेली, आणि तो अंगापासून हातभर नव्हे, फार तर चार-सहा बोटं खाली असलेली पँट घ्या.

नेफ्यात नुसतं इलॅस्टिक असलेली पँट उड्या मारताना उतरणारच, कारण ओलं कापड जड होऊन खाली खेचतं आणि इलॅस्टिक घामाने घसरतं. रुंद पट्टा, आत इलॅस्टिक आणि शिवाय खरी बांधता येणारी नाडी हवी. बऱ्याच पँटना समोर दिसणारी नाडी नुसती शोभेची, दोन टाक्यांनी शिवलेली असते, ओढून बघा. कड घोट्याशी इलॅस्टिकने आवळलेली असेल तर पाय वर करण्याच्या आसनांत पँट मांडीपर्यंत गोळा होत नाही. खुल्या रुंद पायांच्या पँटमध्ये सर्वांगासन करायचं असेल तर आत आखूड शॉर्ट्स घाला, वाद नको.

दुकानातल्या खोलीत चार हालचाली पुरतात: हात वर, खोल बैठक, एक लांब पाऊल पुढे, आणि कमरेतून पूर्ण वाकणं. शेवटच्यात गळा किती उघडतो तेही बघा.

माझा एक नियम आहे, पटला तर घ्या: घेर एकाच जागी ठेवायचा. खाली मोठ्या घेराची पँट असेल तर वर अंगासरशी बिनबाह्यांचा टॉप. वर सैल झुळझुळीत असेल तर खाली आखूड, बसणारी शॉर्ट्स. दोन्हीकडे घेर घेतला की फोटो छान येतो आणि शरीर कुठे आहे हे शिक्षकालाही कळत नाही.

लोंबणारं सगळं

गोंडे, झालरी, लांब पट्टे, मण्यांच्या माळा. सैल, वाहत्या कपड्यांत नाचण्याची वाट जिने आधुनिक नृत्याला दाखवली ती इझाडोरा डंकन १९२७ मध्ये फ्रान्समधल्या नीस इथे गेली, ती गळ्यातला लांब रेशमी स्कार्फ मोटारीच्या चाकात अडकून. सायकल, ट्रेडमिल, रोइंग मशीन, वजनांची यंत्रं: जिथे काहीही फिरतं तिथे लोंबतं काहीही नको. सायकलवर उजवा पाय जास्त धोक्याचा, कारण साखळी त्या बाजूला असते. रुंद पँट असेल तर निदान तो पाय पट्ट्याने आवळा. गोंड्यांची हौस पिशवीला भागवा.

टोचतं, काचतं, रंग लागतो

कशिद्याची पुढची बाजू सगळे बघतात, मागची कुणी नाही. कपडा उलटा करा. गाठी, कापलेले जरीचे किंवा नायलॉनचे धागे, टिकल्यांचे टाके जर बगलेत, मांडीच्या आत, कमरेच्या पट्ट्यावर किंवा पाठीवर झोपताना टेकणाऱ्या जागी असतील, तर घामातलं मीठ आणि घर्षण मिळून तिथली कातडी सोलवटणारच. छातीच्या वरच्या भागावर, बाहीच्या कडेला, घोट्याजवळ कशिदा बिनधास्त असू द्या.

छपाईलाही हात लावून बघा. नक्षीचा भाग प्लास्टिकसारखा ताठ लागला तर रंग चिकटद्रव्याने वर बसवलेला आहे आणि तेवढ्या भागातून हवा जाणार नाही. रंग धाग्यात मुरलेला असेल तर नक्षी आणि कोरी जागा बोटांना सारखीच लागते.

रंग अंगाला लागत असेल, आणि निळीने (इंडिगोने) रंगवलेल्या कपड्यांत तो लागतोच, तर पांढरा रुमाल ओला करून कापडावर जोर देऊन दहा-बारा वेळा घासा. रुमाल रंगला तर तो कपडा फिकट मॅटवर आणि फिकट अंतर्वस्त्रांवर नको. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने तयार कपड्याचा रंग पक्का होतो ही समजूत चुकीची आहे. मीठ रंगवताना कामाचं असतं, नंतर नाही. जादा रंग निघून जाईपर्यंत वेगळं धुणं, एवढाच मार्ग.

धुतलं तरी वास येतो, आणि पूर्वीसारखं घाम घेत नाही

हे मुख्यतः पॉलिस्टरचं दुखणं. २०१४ साली बेल्जियममधल्या संशोधकांनी २६ जणांना व्यायामाची सायकल चालवायला लावली आणि त्यांच्या टीशर्टचा वास तपासला. सुतीपेक्षा पॉलिस्टरचे शर्ट जास्त वाईट वासाचे निघाले, आणि वासाला कारणीभूत असलेले मायक्रोकॉकस जातीचे जीवाणू पॉलिस्टरवर जोमाने वाढलेले सापडले. ओला कपडा पिशवीत रात्रभर ठेवणं म्हणजे त्यांना आमंत्रण. लगेच धुता येत नसेल तर निदान पसरून ठेवा.

दुसरा दोषी फॅब्रिक सॉफ्टनर. त्याचा पातळ थर धाग्यांवर बसतो आणि कापड घाम घेईनासं होतं. पाण्याच्या थेंबाची चाचणी नव्या कपड्यावर पास आणि जुन्यावर नापास होत असेल तर कारण बहुधा हेच. सॉफ्टनर बंद करा, साबण कमी घाला आणि दोनदा खळबळा; काही धुण्यांत फरक दिसतो. स्ट्रेच असलेल्या कपड्याला क्लोरीनची ब्लीच आणि ड्रायरची कडक उष्णता दाखवू नका, इलॅस्टेन (ताण देणारा धागा) दोन्हींनी मरतं आणि गुडघ्यांवर फुगे येतात.

उन्हात

विरळ पांढरं सुती कापड अतिनील किरण बरेच आत सोडतं, आणि ओलं झालं की आणखी. क्रोशेच्या टॉपमध्ये दुपारभर बाहेर राहिलात तर जाळीची नक्षी पाठीवर भाजून उमटते. उघड्यावर व्यायाम असेल तर गडद रंग, जरा घट्ट वीण आणि सैल बेत असं त्रिकूट बघा. जाळीखाली सनस्क्रीन लावाच.

कपाटातल्या जुन्या कपड्यांचं काय?

रेयॉनची पँट फेकू नका. घाम न येणाऱ्या गोष्टींना, म्हणजे श्वसनाचे व्यायाम, शवासन, सावकाश ताणासनं, ती मस्त आहे. धावण्यासाठी मात्र कुठल्याही सैल पँटचा आग्रह सोडा. खेळाच्या विणीच्या आखूड शॉर्ट्सवर कोयरीची किंवा टाय-डायची नक्षी घ्या, बोहोची हौस तेवढ्यात भागते.

आसनाला किंवा बगलेला ओढ बसत असेल तर शिंप्याकडून जोडतुकडा घालून घ्या. काम छोटं आहे. कापड नसेल तर पायाची कड दुमडून शिवलेली असते, त्यातून निघतं. नेफ्याच्या दोन्ही बाजूंना काज करून नाडी ओवली की उतरण्याची तक्रार संपते. टाफेटाचं अस्तर उसवून टाका आणि आत सुती स्लिप किंवा आखूड होजिअरी घाला, मात्र उसवण्याआधी अस्तर फक्त वरच्या शिवणीत धरलंय की बाजूच्या शिवणींतही, ते बघून घ्या. बाजूला धरलेलं असेल तर अख्खा कपडा उघडावा लागतो, आणि मग तो शिंप्याकडेच द्यावा.